रिॲक्शन आली की पेशंट सावरतो, फॉर्म मात्र कोराच

परत तेच! सेफ्ट्रिॲक्झोन हे अँटिबायोटिक इंजेक्शन सुरू केलं, थोड्या वेळात पेशंटच्या छातीवर गांधी उठल्या, खाज सुटली, लगेच इंजेक्शन बंद केलं, ॲलर्जी उतरवायला एविल आणि हायड्रोकॉर्ट दिलं, पेशंट सेटल झाला. आणि एडीआर फॉर्म, म्हणजे औषधाची रिॲक्शन कळवायचा फॉर्म? "अगं जाऊ दे ना, बरा झालाय की, कशाला नसती ब्याद ओढवून घेतेस!" अरे पण बॅच नंबर तरी लिहून घ्या, तोवर इंजेक्शनची व्हायल कचऱ्यात गेलेली असते!

सिस्टर म्हणणार डॉक्टर भरतील, डॉक्टर म्हणणार आम्हाला कुणी सांगितलंच नाही. 2010 पासून देशात फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रॅम, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवणारा सरकारी कार्यक्रम, चालू आहे, नर्स स्वतः रिपोर्ट करू शकते, 1800-180-3024 वर फोनही चालतो, पेशंटचं पूर्ण नाव लागत नाही, नुसती आद्याक्षरं पुरतात, औषधामुळेच झालं अशी खात्री नसली, नुसता संशय असला तरी चालतं, आणि रिपोर्ट दिला म्हणजे चूक कबूल केली असं होत नाही हे त्या फॉर्मवरच छापलंय. वाचतं कोण?

पण भीती उगाच नाहीये हेही खरं. रिॲक्शन सांगितली की वरून पहिला प्रश्न "किती स्पीडने दिलंस?" असाच येतो, पेशंट कसा आहे हे नंतर. मग नाइटला अख्खा वॉर्ड एकटीने सांभाळणारी मुलगी कशाला तोंड उघडेल?

निदान कोरे फॉर्म तरी वॉर्डात ठेवा हो, इन्चार्जच्या कुलूपबंद कपाटात नकोत.