व्हाइस प्रेसिडेंट म्हणजे कामगार नव्हे

मिलिंदची नोकरी गेल्याचं डहाणूकर कॉलनीत सगळ्यांना आधीच कळलं होतं, त्यामुळे कट्ट्यावर सुरुवातच सल्ल्यांनी झाली. चोवीस वर्षं परदेशी बँकांचे सौदे सेटल करणाऱ्या माणसाला अक्कल कोण शिकवतंय, तर सागर.

सागर हल्ली ‘माइंडसेट’चे वर्ग घेतो. दोन्ही हात पसरून म्हणाला, ‘‘मिल्या, ही संधी आहे संधी! लिंक्डइनवर रोज एक पोस्ट टाक. युनिव्हर्सला सांग, मी तयार आहे.’’

‘‘युनिव्हर्स आईचा मेडिक्लेम भरणार आहे का?’’ मिलिंदने विचारलं.

खरी काळजी तीच आहे. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो आणि काकू अठ्ठ्याहत्तरच्या. वैशाली तेवढी कामाचं बोलली. ‘‘मुदत संपायच्या आत त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीसाठी अर्ज कर. जुन्या आजारांचा खर्च मिळायच्या आधीचा वेटिंग पिरियड जेवढा भरून झालाय, तो धरतात. मध्ये खंड पडू देऊ नकोस. आणि सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही.’’

नाना एवढा वेळ गप्प होते हेच नवल. ‘‘अरे, मीपण २००१ साली बँक सोडलीच की. व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती घेतली. रडलो का?’’

‘‘नाना, तुम्ही अर्ज केला होतात. झालेल्या प्रत्येक वर्षामागे साठ दिवसांचा पगार, असं सूत्र होतं तुमचं. वर पेन्शन. माझ्याकडून कॉलवर राजीनामा लिहून घेतला आणि कॉल संपायच्या आत लॅपटॉप बंद.’’

‘‘मग द्यायचा नाहीस राजीनामा!’’

‘‘नाही दिला तर रिलीव्हिंग लेटर, म्हणजे नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र, अडकवतात. दिला की कागदोपत्री कुणाला काढलेलंच नसतं.’’

मी त्याच्याच बाजूचा आहे. हा प्रकार मला संतापजनक वाटतो. माणसाला काढायचं आणि वर त्याच्याच सहीने तो आपणहून गेला असं दाखवायचं. कामगाराची कपात केली तर दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराची भरपाई द्यावी लागते. मॅनेजर कायद्यातल्या ‘कामगारा’च्या व्याख्येतच बसत नाही.

‘‘मला व्हाइस प्रेसिडेंट केलं तेव्हा तुम्ही सगळ्यांनी पेढे खाल्लेत,’’ मिलिंद म्हणाला, ‘‘त्या दिवशी मी कायद्यातून बाहेर पडलो, हे एकानेही सांगितलं नाही.’’

यावर सागरकडेही वाक्य नव्हतं.

ग्रॅच्युइटी तेवढी हक्काची. कायद्याने धरलेलं शेवटचं महिन्याचं वेतन गुणिले पंधरा भागिले सव्वीस, गुणिले वर्षं. पण पगाराचा आकडा डोळ्यात भरणारा आणि हिशोबात धरलं जाणारं वेतन त्याहून कमी. ईपीएसचं, म्हणजे पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेचं, पेन्शन तर अठ्ठावन्नाव्या वर्षी, आणि हिशोब पंधरा हजार पगाराच्या मर्यादेवर. मिलिंदने मांडून पाहिलाय, महिन्याला सहा हजारसुद्धा होत नाहीत. मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, घराचे हप्ते चालू आहेत.

‘‘जे मिळेल ते एफडीत टाक,’’ नाना म्हणाले.

‘‘नाना, तुम्ही एफडीचं नाव काढू नका!’’ वैशाली उसळली. ‘‘पाव टक्का जास्त मिळतो म्हणून त्या सहकारी बँकेत बाबांना पैसे ठेवायला लावलेत. ठेवींचा विमा तेव्हा एक लाखाचाच होता, पाच लाख २०२० मध्ये झाला. बाबा गेले तरी पैसे अडकलेलेच होते.’’

नाना चष्मा पुसायला लागले. या विषयावर ते नेहमी चष्मा पुसतात.

मग सोडवणूक म्हणून त्यांनीच दुसरा विषय काढला. ‘‘मिलिंद, आता तू मोकळाच आहेस, तर सोसायटीचा सेक्रेटरी हो. मी खजिनदार आहेच.’’

‘‘मोकळा नाहीये मी. सकाळी चार तास अर्ज करतो, दुपारी इंटरव्ह्यूची तयारी. पण तुम्ही परवा दिलेली हिशोबाची फाइल पाहिली.’’

‘‘पाहिलीस? एवढ्यात?’’

‘‘न जुळणाऱ्या एंट्र्या शोधण्यात हयात गेली माझी. गणपतीच्या मांडवाचं बिल दोनदा लागलंय. एकदा ऑगस्टमध्ये, एकदा दिवाळीत.’’

सागर म्हणाला, ‘‘नाना, युनिव्हर्सला सांगा!’’ वैशालीला हसून हसून ठसका लागला. अमृततुल्यवाल्याने गल्ल्यावरून ओरडून विचारलं, दिवाळीत कुठला गणपती बसवता? ‘‘क्लेरिकल मिस्टेक आहे ती, क्लेरिकल!’’ असं म्हणत नानांनी खिशातून शंभराची नोट काढली आणि सगळ्यांच्या चहाचे पैसे दिले. मिलिंदने मोबाइल काढून नोटेसकट त्यांचा फोटो घेतला. म्हणाला, व्हाउचरला जोडतो.