खिडकीची जागा आणि चार किलो द्राक्षे

गेल्या रविवारी सांगली ते सातारा या प्रवासात चार किलो द्राक्षे खिडकीजवळच्या राखीव जागेवर बसून गेली आणि माझा पावणेपाच वर्षांचा मुलगा माझ्या मांडीवर बसून गेला. या वाक्यात अतिशयोक्ती नाही. आज बुधवार आहे आणि जिना चढताना माझी उजवी मांडी अजूनही त्याची साक्ष देते आहे.

सौभाग्यवती मावसबहिणीच्या डोहाळजेवणासाठी शुक्रवारीच एसटीने साताऱ्याला गेली होती. तिला मार्च २०२३ पासून एसटीत अर्धे तिकीट लागते, सासऱ्यांनी पंचाहत्तरी ओलांडल्यामुळे त्यांना तिकीटच लागत नाही, आणि मुलगा पाचाच्या आतला. त्यामुळे आमच्या घरात एसटीला पूर्ण पैसे मोजणारा मी एकटाच उरलो आहे. पण रेल्वेने जाण्याचे कारण हे नव्हते. शेंद्रे ते कागल महामार्गाच्या सहापदरीकरणात गाडी मूळ रस्त्यावर किती वेळ असते आणि वळणरस्त्यावर किती वेळ असते, हे मला एकदा पोटातून कळलेले आहे. शिवाय चिरंजीवांना आठवडाभर आधीच सांगून ठेवले होते की आपण झुकझुकगाडीने जाणार आणि तुला खिडकीत बसवणार. हे वचन मी कोणत्या अधिकाराने दिले, हे आज सांगता येत नाही.

गाडी कोल्हापूरहून येते, मिरजेला भरते आणि सांगलीकरांच्या वाट्याला उरलेसुरले येते. १९९८ पासून सांगली, मिरज आणि कुपवाड यांची महानगरपालिका एक झाली असली, तरी रेल्वेतल्या जागेच्या बाबतीत मिरजकरांनी आपले सार्वभौमत्व सोडलेले नाही. मी राखीव डब्याचे एक तिकीट काढले होते. राखीव डब्यात उभ्याने प्रवास करणाऱ्यांची संख्या बसलेल्यांपेक्षा किंचित कमी होती, इतकेच त्या राखीवपणाचे वैशिष्ट्य. एका हाताने मूल, दुसऱ्या हाताने पिशवी आणि तिसऱ्या हाताने (जो परमेश्वराने फक्त आयांना दिलेला आहे) पाण्याची बाटली सांभाळत मी माझ्या जागेपाशी पोचलो, तेव्हा तीन जणांच्या त्या बाकावर वाटेकडची माझी जागा रिकामी होती, मधल्या जागेवर पांढरी टोपी आणि खिशाला दोन पेने लावलेले साठीचे एक गृहस्थ होते, आणि खिडकीशी, धुतलेल्या पांढऱ्या टॉवेलाखाली, पुठ्ठ्याची एक पेटी होती.

मी अत्यंत नम्रपणे विचारले, “काका, ही पेटी जरा वर ठेवली तर मुलाला बसवता येईल.”

काकांनी माझ्याकडे, मग मुलाकडे आणि मग पेटीकडे पाहिले. या तिघांपैकी पेटीकडे पाहतानाच त्यांची नजर मऊ झाली. “द्राक्षं हायती,” ते म्हणाले. त्यांच्या मते एवढे उत्तर पुरेसे होते. मी तरीही उभा राहिलेला पाहून त्यांनी समजावून सांगायला घेतले, आणि पुढची दहा मिनिटे मला फलोत्पादनाचे जे शिक्षण मिळाले, ते एखाद्या कृषी महाविद्यालयात पैसे भरूनही मिळाले नसते. वर फळीवर ठेवली तर लोक त्यावर बॅगा टाकतात आणि मणी फुटतो. बाकाखाली ठेवली तर येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय लागतात, शिवाय “कोण काय सांडंल सांगता येत न्हाई”. हे बोलताना ते चिरंजीवांच्या हातातल्या बाटलीकडे पाहत होते. मग मांडीवर घ्या ना, असे मी म्हणालो. त्यावर ते हसले, जसे एखाद्या शहरी माणसाने उसाला फांद्या किती असतात असे विचारल्यावर शेतकरी हसेल तसे हसले. “मांडीची ऊब लागती की वो पाव्हणं! ऊब लागली की देठ वाळतो, देठ वाळला की मणी गळतो.”

माझ्या मांडीवर त्या क्षणी सतरा किलो ऊब बसलेली होती.

मग मी कायद्याचा आधार घेतला. ही जागा कुणाची आहे, असे मी जरा चढ्या आवाजात विचारले. काकांनी शांतपणे दोन पेनांच्या मागून तिकिटाचा छापील कागद काढला. त्यावर दोन नावे होती, एक त्यांचे आणि एक त्यांच्या मेहुण्याचे. मेहुणा ऐनवेळी आला नव्हता. तिकीट रद्द करून हातात काय पडते, म्हणून त्यांनी ते तसेच ठेवले आणि मेहुण्याच्या जागी द्राक्षांना बसवले. “म्हणजे तिकीट काढून बसल्यात द्राक्षं,” ते म्हणाले, आणि मग तो प्रश्न आला ज्याने मी आजही रात्री कूस बदलतो: “पोराचं तिकीट काढलंय का तुमी?”

काढले नव्हते. पाच वर्षांखालील मुलाला रेल्वेत तिकीट लागत नाही, पण त्याला स्वतंत्र जागाही मिळत नाही. जागा हवी असेल तर मोठ्या माणसाचे पूर्ण भाडे भरून घेता येते. ते भाडे शंभर रुपयांच्या आतबाहेर होते. मी ते वाचवले होते. आपण नियमाला धरून काटकसर केली या समाधानात आठवडाभर वावरलेल्या माणसाला, नियम वाचलेली द्राक्षे समोर भेटली की काय वाटते, ते शब्दांत सांगणे कठीण आहे. पण एक विचारतोच. फुकट नेतो असे म्हणणाऱ्या या नियमाने पाच वर्षांपर्यंतचे मूल म्हणजे काय असते अशी कल्पना केली आहे? सहा महिन्यांचे बाळ कुशीत मावते हे मान्य, पण पावणेपाच वर्षांचा मुलगा ही गुडघे, कोपरे आणि प्रश्न यांनी बनलेली एक हलती वस्तू आहे. तिला दोन-अडीच तास मांडीवर घेऊन बसणे ही सवलत नसून मजुरी आहे, आणि त्या मजुरीचे पैसे कुणी देत नाही. बरे, हे सगळे काकांना सांगण्यात अर्थ नव्हता. त्यांचा फोन वाजला होता.

“व्हय, मिळाली जागा,” ते पलीकडच्या मुलीला सांगत होते. “खिडकीला बसवलीया. वारं लागतंय चांगलं. तू काळजी करू नगं.”

चिरंजीवांनी हे ऐकले आणि अत्यंत मोठ्या आवाजात विचारले, “बाबा, द्राक्षांना खिडकी का? त्यांना डोळे नसतात.”

माझ्या मुलाच्या बुद्धिमत्तेविषयी मी सहसा बाहेर बोलत नाही, पण या प्रश्नाला अख्ख्या डब्यात कुणाकडे उत्तर नव्हते. काकांकडेही नव्हते, त्यांनी फक्त माधवनगर मागे पडल्यावर उजवीकडून आत आलेले ऊन पेटीवर पडताना पाहिले आणि खिडकीची पत्र्याची झडप खाली ओढली. उन्हाने मणी मऊ पडतो. वारा झडपेच्या फटींतून येतच होता, म्हणजे द्राक्षांची सोय झाली. आमच्या बाकाला मात्र आता खिडकीच उरली नाही. भिलवडी आले, जिथले दूध आम्ही सांगलीकर जन्मापासून पीत आलो, ते चिरंजीवांना पत्र्याच्या पट्ट्यांमधून दाखवावे लागले. किर्लोस्करवाडीला मी त्यांना सांगितले की १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी इथल्या निवडुंगाच्या माळावर कारखाना उभा केला, आणि त्याआधी या स्टेशनाचे नाव कुंडल रोड होते. चिरंजीवांनी झडपेकडे पाहून “कुठे आहे?” असे विचारले, आणि लगेच पुढे, “शू आली.”

त्या प्रकरणाचा तपशील देत नाही. भरलेल्या डब्यातून मूल खांद्यावर घेऊन शौचालयापर्यंत जाणे, तिथली जमीन पाहून मुलाला तरंगत धरणे, आणि परत आल्यावर आपल्या जागेवर बसलेल्या तरुणाने “तुम्ही उतरलात असं वाटलं” असे म्हणणे, हा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना तो माहीत आहे, आणि ज्यांनी घेतलेला नाही ते सुखी आहेत, त्यांना तसेच राहू द्यावे.

समोरच्या बाकावर एक आजी होत्या. बाप एकटा मूल घेऊन निघाला आहे, हे दृश्य त्यांना बेचैन करत होते. आईबरोबर मूल असले की लोक “कुठं निघालात?” असे विचारतात, बापाबरोबर असले की “आई कुठाय?” असे विचारतात, आणि तेही बापाला नव्हे, मुलाला. जणू बापाच्या साक्षीवर न्यायालयाचा विश्वास नाही. आजींनी तसेच विचारले. चिरंजीव म्हणाले, “आई निघून गेली.”

“निघून गेली?”

“हो. शुक्रवारी. मोठी बॅग घेऊन. बाबा म्हणाले, जा एकदाची.”

हे शब्द मी उच्चारले होते, परंतु बस चुकू नये म्हणून उच्चारले होते. हा खुलासा मी ताबडतोब केला. पण मुलाने खरे सांगितल्यावर बापाने केलेला खुलासा कसा ऐकला जातो, हे मला तिथे समजले. आजींनी पदर डोळ्यांना लावला. बाजूला उभ्या असलेल्या एका बाईंनी चिरंजीवांच्या हातात शेंगदाण्याची चिक्की दिली. ज्या तरुणाने माझी जागा घेतली होती, त्याने माझ्याकडे पाहणे बंद केले. आणि काका, जे ताकारीपर्यंत माझ्याशी द्राक्षांखेरीज एक शब्द बोलले नव्हते, ते माझ्याकडे वळले, माझ्या (मुलाच्या वजनाने बधिर झालेल्या) गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “पाव्हणं, संसारात थोडं सरकून घ्यावं लागतंय. माणसानं मन मोठं ठेवावं. जागा करावी दुसऱ्याला.”

हे सांगताना त्यांचा दुसरा हात पेटीवर होता.

शेणोलीच्या आसपास तिकीट तपासनीस आले. मला वाटले, आता न्याय होईल. रिकाम्या जागेवर माणूस नाही, हे त्यांच्या हातातल्या यंत्रात दिसत असणार, आणि प्रतीक्षायादीतला कुणीतरी तिथे येऊन बसेल, किंवा निदान पेटी उठेल. त्यांनी विचारले, “हे दुसरे प्रवासी कुठे आहेत?” काका म्हणाले, “मेहुणा कराडला चढतोय.” तपासनिसांनी मान हलवली आणि माझ्याकडे वळले. “मुलाचं वय?”

मी “पावणेपाच” असे म्हणेपर्यंत चिरंजीवांनी पंजाची पाचही बोटे पसरून दाखवली होती. दोष माझाच. गेले दोन महिने, रडू लागला की मी त्याला “आता तू पाच वर्षांचा झालास” असे सांगत आलो आहे. तपासनिसांनी पुरावा मागितला. मुलाचे निळे आधार कार्ड मोबाईलमध्ये होते, मोबाईल मागच्या खिशात होता, खिशावर मी होतो आणि माझ्यावर मुलगा होता. हा डोंगर उलगडून, उभे राहून, आजींच्या पायावर पाय देऊन, त्यांची क्षमा मागून, मोबाईल काढून, पासवर्ड दोनदा चुकवून मी जन्मतारीख दाखवली. डब्यातील लोक माना उंच करून पाहत होते. बायको निघून गेलेला माणूस आता मुलाचे वयही खोटे सांगतो आहे, असा एक मूक ठराव तिथे संमत झाल्याचे मला जाणवले. द्राक्षांना कुणी काही विचारले नाही. कराडला मेहुणा अर्थातच चढला नाही. त्या वेळी तो मिरजेच्या पूर्वभागात कुठेतरी बागेत पाणी सोडत असावा.

मसूर, रहिमतपूर, कोरेगाव अशी स्टेशने नुसत्या आवाजांवरून ओळखत आम्ही साताऱ्याला पोचलो. चिरंजीव तोवर माझ्या गळ्याशी झोपले होते, म्हणजे सतरा किलोंचे वीस झाले होते. काका उठले, टॉवेलाची घडी घातली, आणि म्हणाले, “पाव्हणं, मी खाली उतरतो, जरा पेटी द्या बरं हातात. आडवी करू नगा.” मी दिली. डाव्या खांद्यावर मूल आणि उजव्या हातावर पेटी, अशा अवस्थेत दाराच्या उंच पायरीवर तोल सांभाळताना माझ्या मनात आलेले विचार इथे लिहिण्यासारखे नाहीत. पेटी आडवी झाली नाही.

फलाटावर सौभाग्यवती न्यायला आली होती. काकांनी तिला पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि त्यांचा चेहरा खुलला. “आलात व्हय परत!” ते तिला म्हणाले. “लई बरं केलंत, ताई. पोराकडं बघून का हुईना. मी ह्यांना सांगितलंय सगळं.” तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, तिला उत्तर देण्याइतका श्वास माझ्यात नव्हता.

साताऱ्याचे स्टेशन गावात नाही; ते माहुलीला आहे, आणि तिथून शहरात जायला रिक्षा करावी लागते. रिक्षा एकच उरली होती, त्यामुळे काकाही आमच्याबरोबर आले. मागे तिघेजण बसलो आणि मुलगा माझ्या मांडीवर. पेटी ठेवायची कुठे, हा प्रश्न काकांना पडलेला पाहून, काहीही ठाऊक नसलेल्या माझ्या बायकोने पाहुणचाराच्या सवयीने हात पुढे केले आणि ती स्वतःच्या मांडीवर घेतली. मी काकांकडे पाहिले. आता उबेचे काय होणार, देठ वाळणार, मणी गळणार, हे ऐकायला मी उत्सुक होतो.

काका समाधानाने मागे टेकले. “ताई,” ते म्हणाले, “पदर जरा पेटीवर घ्या. ऊन लागतंय.”