वहीतली लीग आणि सातवं कोल्हापूर

चौथी सांगली, सातवं कोल्हापूर. एवढं वाचून सुन्यानं दुधाचा ग्लास असा आपटला की पलीकडची म्हैस मान वळवून आमच्याकडं बघायला लागली.

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर रात्री जेवणं झाली की आमची बैठक असते. वही पक्याच्या भाच्याची. पोरगं नववीत. दोनशे पानी वहीत त्यानं फुटबॉलची आख्खी ‘महाराष्ट्र सुपर लीग’ काढलीय. १० संघ, प्रत्येकाचं बोधचिन्ह, स्केचपेननं रंगवलेल्या जर्सी, मालक, गुणतक्ता. सामने फासे टाकून. पक्यानं भाच्याचं कौतुक म्हणून वही आणली होती, त्या बिचाऱ्याला काय माहीत.

“सांगलीनं हळदीच्या सौद्यात पयला नंबर काढावा, आमची ना न्हाई,” सुन्या म्हणाला. “पर फुटबॉलात आमच्या वर?”

“अरे, काल्पनिक आहे ते.”

“काल्पनिक असलं म्हणून काय झालं? काल्पनिकात तरी पयला काढायचा की आपला!”

पक्या हिंजवडीत सात वर्षं काढून आलाय. बोलायला लागला की समोर प्रोजेक्टरचा पडदा आहे असं समजून हात हलवतो. “तुम्ही टेबल बघू नका, मॉडेल बघा. एक शहर, एक ब्रँड. फ्रँचायझी आली की स्पॉन्सर येणार, फॅन एंगेजमेंट वाढणार...”

“काय वाढणार?” बाळ्यानं विचारलं. बाळ्या दिवसातनं एवढाच बोलतो.

नाना तोवर चष्मा कपाळावर सरकवून वही बघत होते. नाना म्हणजे एकेकाळचे लेफ्ट बॅक. त्यांचा गुडघा कसा गेला याच्या तीन वेगवेगळ्या हकिकती आम्ही ऐकल्यात, आणि तिन्हीत चूक रेफ्रीची.

“कोल्हापूर टायगर्स,” नानांनी वाचलं. “पिवळा-काळा. ह्यो रंग कुणाचा रं?”

“कुणाचाच नाही नाना. न्यूट्रल.”

“मग बघायला येणार कोण?”

पक्या ब्रँडवरनं घसरला तो तिथंच. नानांनी सोडला नाही. “पाटाकडील आणि दिलबहार तालमीच्या टीमा भिडल्या की शाहू स्टेडियमात पाय ठेवायला जागा नसत्या. एका गॅलरीतला माणूस दुसऱ्या गॅलरीत बसून पाणी प्यायचा न्हाई. त्यांस्नी तू एक जर्सी घालणार? खंडोबाचा आणि शिवाजीचा माणूस शेजारी बसून ‘टायगर्स, टायगर्स’ करणार? मर्दा, लगीन तरी जुळंल.”

“म्हणूनच आपण मागं आहोत! प्रोफेशनल विचारच नाही. आयएसएल, इंडियन सुपर लीग बघा...”

“बघितली की. २०१४ ला तू पुण्याच्या टीमची जर्सी घेतलीस. माझ्याकडनं पाचशे घेऊन.”

“ते दिले मी!”

“तीनशे दिलंस. जर्सी कुठाय आता?”

पक्या गप्प. सगळ्या कट्ट्याला माहीत आहे, त्या जर्सीनं त्याची आई गाडी पुसते. ती टीम २०१९ ला बंद झाली आणि तिच्या जागी हैदराबाद उभं राहिलं. नानांना असलं सगळं पाठ. “महिंद्रा युनायटेड २००५-०६ ला देशात पयली आली. २०१० ला कंपनीनं गुंडाळली. जेसीटीनं तर पयलीवयली नॅशनल लीग जिंकलेली, २०११ ला ती बी मिटली. मालकाचं मन उडालं की खेळ खलास. तालमीला मालकच न्हाई, बंद करणार कोण?”

“पण तालमीसुद्धा बाहेरनं खेळाडू आणतातच की. परदेशी पण.”

“आणत्यात. म्हणून काय नाव बदलत्यात?”

(ते परदेशी खेळाडू कुणाच्या पैशानं येतात हा विषय आमच्यात निघत नाही. वर्गणी मागणारे दोघं तिथंच बसलेले असतात.)

एकदा मात्र पक्यानं नेम धरून मारला. “२०१७ च्या १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपला आपला अनिकेत जाधव खेळला. कोल्हापुरातच बसला असता तर खेळला असता का?”

नाना दुधावरची साय बोटानं बाजूला करत राहिले. बराच वेळ. मग म्हणाले, “पोरगं गुणी हाय,” आणि वहीचं पान उलटलं. हे आपलं नेहमीचंच. बरोबर मुद्दा पक्यानं काढला तर त्याला कट्ट्यावर उत्तर मिळत नाही, पान उलटतं.

तेवढ्यात सुन्याला वहीत ‘पेनल्टी : चुकली’ असं दिसलं आणि तो उगीचच म्हणाला, “पेनल्टी चुकवणारं बिनडोक कोण?”

यावर सगळे त्याच्याकडंच बघायला लागले. सेव्हनसाईडच्या फायनलला टायब्रेकरमध्ये यानं मारलेला बॉल अजून सापडलेला नाही.

“वारं होतं,” सुन्या म्हणाला.

“पंधरा वर्षं झाली, अजून सुटालंय ते वारं,” नाना म्हणाले. बाळ्याला ठसका लागला, दूध नाकातनं आलं.

शेवटी सुन्यानंच हट्ट धरला, पोराला फोन लाव, सांगली वर कशी ते सांगू दे. पक्यानं स्पीकरवर लावला. झोपायला निघालेलं पोरगं, वैतागून बोललं.

“मामा, मॅचा कोल्हापूरनंच जास्त जिंकल्यात. पण नऊ गुण कापलेत.”

“का?”

“गॅलरीतनं बाटल्या टाकल्या म्हणून. मी गोंधळाच्या चिठ्ठ्या केल्यात, त्यातली निघाली की गुण कापायचे.”

“मग सांगलीची का नाही निघाली?”

“चिठ्ठ्या फक्त कोल्हापूरलाच आहेत.”

फोन बंद झाला. पक्यानं विजयी चेहऱ्यानं सगळ्यांकडं बघितलं. कोणी काही बोलेना.

मग नानांनी चष्मा खाली घेतला, वही जवळ ओढली आणि गंभीर आवाजात विचारलं, “बाटल्या कुठल्या पेठंनं टाकल्या, लिवलंय का त्यात?”

“तुमच्याच असणार!” सुन्या ताडकन उठला.

अकराला दूधवाल्यानं म्हशी सोडल्या तरी आमचं ते चालूच होतं.