टेम्पो कुठं गेला माझा?

रात्रीचे दोन वाजलेत आणि डोकं नुसतं भणाणलंय. घटस्थापनेच्या आत देवीच्या गोंधळाचं गाणं बाहेर पडायला पाहिजे, अन् मी तीन दिवसांपासून ड्रम सॉफ्टवेअरमधून ऑडिओ फाइलीत काढायलोय. वाजवून कधीच झालंय. नुसता बाहेर काढायलोय!

गोंधळ म्हणल्यावर तो चढणारच ना? आधी संथ आवतन. तुळजापूरच्या भवानीला, माहूरच्या रेणुकेला, अंबाजोगाईच्या योगेश्वरीला गोंधळाला ये म्हणायचं. मग संबळ तापला की लय वर. आमच्या गाण्याचा टेम्पो, म्हणजे लयीचा वेग, मिनिटाला ८० ठोक्यांवर सुरू होतो अन् मधल्या आठ बारांत (चार ठोक्यांचा एक बार) चढत १२० ला जातो. तो चढ मी संबळवाल्या मामांच्या हाताबरोबर एकेक बार ऐकून बसवलाय. इलेक्ट्रॉनिक ड्रम त्याच क्लिकवर, म्हणजे कानातल्या टिकटिक ठोक्यावर, वाजवलाय. प्ले दाबलं की सगळं चोख. एक्सपोर्ट, म्हणजे फाइल बाहेर काढायचं बटण, दाबलं की बट्ट्याबोळ!

ड्रमच्या सॉफ्टवेअरनं पहिल्या बारचा ८० उचलला आणि आख्खं गाणं त्याच्यावर काढून दिलं. ८० ला चार ठोक्यांचा बार ३ सेकंदांचा, १२० ला २ सेकंदांचा. म्हणजे वर गेल्यावर दर बारला एक सेकंद मागं! चार बारांत संबळ कुठं अन् ड्रमची किक (पायाचा मोठा ढोल) कुठं. बरं, एका शब्दानं सूचना नाही. "गाण्यात टेम्पो बदलतोय, काय करू?" एवढं विचारायला काय जातं? वाजवताना सगळा टेम्पो दिसतो, अन् फाइल काढतानाच कसा दिसत नाही?

म्हणून पुण्याच्या मिक्सिंगवाल्याला ऑडिओऐवजी ड्रमची मिडी फाइल पाठवली. त्याचा फोन, "दादा, ड्रम सुरुवातीपासूनच पळतोय." पळणारच! मिडीत आवाज नसतोच. कोणता ठोका, किती जोरात, कितव्या टिकला, एवढंच असतं. टिक म्हणजे ठोक्याचा बारीक तुकडा; तो किती वेळाचा ते टेम्पो ठरवतो, आणि एक्सपोर्टनं टेम्पो लिहिलाच नव्हता. लिहिलेला नसेल तर १२० धरायचा, असा मिडी फाइलीचा नियम आहे. देवीचं आवतन १२० वर धावायलंय! बदलता टेम्पो लिहायची सोय त्याच फाइलीत आहे. मग लिहा ना!

एक मित्र म्हणाला, ८० वर निघालेला ऑडिओ स्ट्रेच करून, म्हणजे ताणून-आवळून, बसव. केलं. किक चालली कशीबशी. पण क्रॅश झांजेची घुमत राहणारी शेपटी? पत्र्यावर वाळू ओतल्यासारखी खरखर. अशी झांज मी देवीच्या गाण्यात ठेवू?

शेवटी त्या बटणाचा नादच सोडला. किक, स्नेअर, हॅट, टॉम, झांजा, प्रत्येकाची लाइन वेगळी काढायची, गाणं पहिल्या बारपासून तसंच वाजू द्यायचं आणि तिथल्या तिथं ऑडिओ ट्रॅकवर रेकॉर्ड करायचं, झांज विझेपर्यंत. असं केलं की केसाएवढा फरक पडत नाही. पण माझा जुना कॉम्प्युटर एका वेळी दोनच लाइनी झेपवतो. म्हणजे सव्वासहा मिनिटांच्या गाण्याच्या तीन खेपा. तिसऱ्या खेपेला पाचव्या मिनिटाला लाइट गेली. इन्व्हर्टर आधीच बसला होता.

मामा अर्ध्या दिवसासाठी एसटीनं आले, एका टेकात संबळ वाजवून गेले. रोज सकाळी फोन करतात, "गाणं कवा ऐकवतूस रं?" काय सांगू त्यांना?

आता लाइट आलीय. झांजा परत पहिल्या बारपासून.