शिक्षण सहाय्य योजना: पैसे न सुटण्याचे उपाय

कारखान्यात ‘शिक्षण सहाय्य योजना’ आणायची म्हणता? अवश्य आणा, साहेब. वार्षिक अहवालात फोटो छान दिसतो. फक्त कुणी खरोखरच शिकून बसणार नाही, एवढं बघा.

फी कंपनीने भरायची नाही. कामगाराने भरायची, पास व्हायचं, मग परत मागायची. १८ हजारांच्या पगारातून १२ हजार एकरकमी काढायचे म्हटल्यावर निम्मे अर्ज तिथेच आटोपतात.

क्लासच्या दिवशी सेकंड शिफ्ट लावा.

खरी करामत क्लेममध्ये. नियम असा ठेवा: पावतीच्या तारखेपासून ९० दिवसांत क्लेम, सोबत गुणपत्रिका. इग्नू या मुक्त विद्यापीठात जुलैत फी भरली, तर सेमिस्टरची परीक्षा डिसेंबरात. वार्षिक अभ्यासक्रम असला तर थेट पुढच्या जूनमध्ये. निकाल त्यानंतर. असाइनमेंटचे गुण ग्रेड कार्डावर चढायचं तर बोलायलाच नको. तुमचे ९० दिवस मात्र चवथ उरकून दसरा-दिवाळी येईतो संपलेले! तरीही कुणी चिकाटीने आलाच, तर मूळ पावती मागा. फी ऑनलाइन भरतात, पीडीएफच मिळते, हे तुम्हाला ठाऊक आहे. तरी ‘शिक्का कुठाय?’ विचारा. शिक्का आणला, तर विभागप्रमुखाची पूर्वपरवानगी मागा. तीही निघाली, तर ‘फाल्यां यो’, म्हणजे उद्या ये, म्हणत ३१ मार्च उलटू द्या आणि सांगा, त्या वर्षाचं बजेट बंद झालं. अहो, परीक्षा होण्याआधीच गुणपत्रिका मागणारा नियम लिहिताना कुणी कॅलेंडर उघडून बघितलं नाही? की बघूनच लिहिला?

बॉण्ड विसरू नका. १२ हजारांच्या फीसाठी दोन वर्षं नोकरी सोडायची नाही, सोडली तर एक लाख भरायचे, शिवाय मूळ प्रमाणपत्रं तुमच्या कपाटात.

पुरे झालं. ९० दिवस निकालाच्या तारखेपासून मोजा. फी थेट विद्यापीठाला भरा. पीडीएफ पावती चालते, हे फॉर्मवरच छापा. निकाल मार्चनंतर लागणार हे दिसतंय, तर तेवढी तरतूद पुढच्या वर्षात ओढा. अकाउंट्सवाले इतर खर्चांसाठी हे दरवर्षी करतातच. परीक्षेचं वेळापत्रक आधी येतं, तेव्हा शिफ्ट बदलून द्या. बॉण्ड हवाच असेल तर फीएवढा ठेवा आणि महिन्यागणिक उतरवत न्या. १८७२च्या करार कायद्याचं कलम ७४ वाचा: लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा, मिळते ती वाजवी भरपाई. प्रमाणपत्रं ज्याची त्याला परत करा, आजच.

आणि यातलं काहीच करायचं नसेल, तर नोटीस बोर्डावरचा तो कागद काढा. त्याच्या भरवशावर लोक कर्ज काढून फी भरतायत.