घरची कॉइल वॅट खाते म्हणे!

अँटेना ट्यूनर (रेडिओ आणि अँटेना एकमेकांशी जुळवणारा डबा) बांधायला घेतला की कोणी ना कोणी हा सल्ला पुढे सरकवतोच: "घरी गुंडाळलेली कॉइल वॅट खाते. नेमके मायक्रोहेन्री जमत नाहीत, तारेवर चांदीचा मुलामा नसतो, पीव्हीसी पाइपावर गुंडाळली तर क्यू मातीत जातो आणि तांबं काळवंडलं की कॉइल बाद. त्यापेक्षा तयार घ्या." (मायक्रोहेन्री हे कॉइलचं माप. क्यू म्हणजे तिचा चांगुलपणा: जितका जास्त, तितकं नुकसान कमी.) यात खऱ्याचा अंश आहे, पण तो भलत्याच जागी चिकटवलाय.

आधी नेमकेपणाचं बघू. ७.१ मेगाहर्ट्झला ५० ओहमचा रिग (रेडिओ संच) २०० ओहमच्या अँटेनाशी जुळवायचा आहे असं धरा. साधं एल नेटवर्क पुरतं: मालिकेत सुमारे १.९४ मायक्रोहेन्रीची कॉइल आणि अँटेनाच्या बाजूला जमिनीकडे सुमारे १९४ पिकोफॅरडचा कॅपॅसिटर. हॅरल्ड व्हीलरने १९२८ मध्ये दिलेलं सूत्र मिलिमीटरमध्ये मांडलं तर असं होतं: व्यासाचा वर्ग गुणिले वेढ्यांचा वर्ग, आणि त्याला भागायचं (४५७ × व्यास + १०१६ × लांबी) ने. उत्तर मायक्रोहेन्रीत येतं. फार आखूड कॉइल सोडल्या तर चूक एखाद्या टक्क्याची. व्यास मात्र तारेच्या मध्यापासून मध्यापर्यंतचा घ्यायचा. सुरुवातीला सगळे इथेच फसतात. ३० मिलिमीटर व्यास, ११ वेढे, ४२ मिलिमीटर लांबी घातली की उत्तर येतं १.९३. म्हणजे २ मिलिमीटरची तार २८ मिलिमीटरच्या नळीवर. तार सोडल्यावर थोडी उसळून सैल होते, म्हणून नळी जराशी बारीकच घ्या. टोकांसकट सव्वा मीटर तार पुरते.

तरीही आकडा चुकला तर? हीच कॉइल ओढून ४६ मिलिमीटर केली की १.८० होते, दाबून ३८ केली की २.०८. बोटांनी सात टक्के इकडेतिकडे करता येतात, उरलेलं कॅपॅसिटर सांभाळतो. आणि विकतच्या कॉइलवर छापलेला आकडा तरी डब्यात तसाच राहतो का? जोडणीची १० सेंटिमीटर तार स्वतःच साधारण ०.१ मायक्रोहेन्री घालते, आणि धातूची भिंत खेटून असली की आकडा खाली येतो. कॉइलच्या चारही बाजूंना निदान तिच्या व्यासाइतकी जागा सोडा. दुकानातून आणलीत म्हणून ती अडचणीत खूश राहत नाही.

चांदीचं प्रकरण छोटं आहे. चांदीची रोधकता तांब्यापेक्षा पाचसहा टक्क्यांनी कमी. पण रेडिओ वारंवारतेला प्रवाह फक्त कातडीतून वाहतो, ७ मेगाहर्ट्झला तांब्यात जेमतेम ०.०२५ मिलिमीटर खोलीतून, आणि तिथे रोध रोधकतेच्या वर्गमुळाने बदलतो. म्हणजे फायदा तीन टक्क्यांच्या आसपास. क्यू ३०० असेल तर ३०९. त्यासाठी मुलामा करून घेण्यापेक्षा दोन वेढ्यांत तारेच्या जाडीइतकी फट ठेवा, जास्त पदरात पडेल. वेढे एकमेकांना चिकटले की शेजारचा प्रवाह याच्या प्रवाहाला एका बाजूला ढकलतो आणि रोध वाढतो. समान फट ठेवायची जुनी युक्ती सोपी आहे: सारख्या जाडीच्या दोन तारा जोडीने गुंडाळायच्या आणि नंतर एक उलगडून काढायची.

आता मुख्य आरोप, वॅट खाण्याचा. किती खाते हे कॉइलच्या एकट्याच्या क्यूवर ठरत नाही. नेटवर्कचा कामाचा क्यू (भार जोडलेला असतानाचा) भागिले कॉइलचा क्यू, हे ढोबळ प्रमाण. वरच्या उदाहरणात कामाचा क्यू १.७३ आहे. कॉइलचा क्यू २०० धरला (नीट गुंडाळलेली त्याहून चांगली निघते) तर १०० वॅटमधला एक वॅटसुद्धा पुरता जात नाही. ३०० क्यूची महागडी आणली तर ०.९ वॅटच्या जागी ०.६. समोरच्याच्या एस-मीटरला (सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या काट्याला) याचा पत्ताही लागत नाही.

मग गरम होऊन वास सुटलेल्या कॉइलच्या गोष्टी खोट्या का? नाही. पण दोष कुठे ते बघा. टी-नेटवर्क घ्या: मालिकेत दोन कॅपॅसिटर, मध्ये जमिनीकडे कॉइल. १.८ मेगाहर्ट्झ, समोर १० ओहमचा भार, बाहेरच्या बाजूचा कॅपॅसिटर २०० पिकोफॅरडवर. एसडब्ल्यूआर (जुळणी किती बिघडलीय याचं माप; १:१ म्हणजे पॉवर परत येतच नाही) अगदी १:१ येतो, माणूस खूश होतो, आणि २०० क्यूच्या कॉइलमध्ये जवळजवळ पाव पॉवर जळत असते. कॉइल बदलून ४०० क्यूची घातली तरी १४ टक्के जातेच. आता जुनीच कॉइल ठेवून तो कॅपॅसिटर ५०० पिकोफॅरडला न्या आणि बाकीचं पुन्हा जुळवा: नुकसान साडेअकरा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे दुप्पट चांगल्या कॉइलने जे साधलं नाही ते नॉब फिरवून साधलं. (कॅपॅसिटरचं स्वतःचं नुकसान इथे धरलेलं नाही.) टी-नेटवर्कमध्ये एसडब्ल्यूआर पाडणाऱ्या जागा अनेक असतात, त्यातली कॅपॅसिटर जास्तीत जास्त आणि कॉइल कमीत कमी असलेली निवडायची. सल्ला देणाऱ्यांनी हे एक वाक्य फिरवलं असतं तर बऱ्याच कॉइल वाचल्या असत्या.

पीव्हीसीबद्दलची भीती अर्धी खरी. पॉलिथीन, पॉलिस्टायरीन, टेफ्लॉनपेक्षा त्यात नुकसान जास्त होतं, आणि ८० अंश सेल्सियसच्या आसपास ते मऊ पडतं. मोठी पॉवर आणि कॉइलच्या टोकांना मोठं व्होल्टेज असेल तर ते टाळावंच. १०० वॅटच्या आत, कामाचा क्यू कमी असताना, फरक शोधावा लागतो. खात्री करायची तर थोडा वेळ कॅरियर (नुसती, आवाजाशिवायची लहर) द्या, प्रसारण बंद करा आणि मगच हात लावून बघा. चालू असताना नको, आरएफचा (रेडिओ वारंवारतेच्या विजेचा) चटका खोलवर जातो. शिवाय २ मिलिमीटरची तार स्वतःच्या पायावर उभी राहते. नळी काढून टाकली की वादच मिटला.

काळवंडण्याचं म्हणाल तर माझ्या ट्यूनरमधली कॉइल चॉकलेटी झालेली आहे आणि मी तिला घासत बसत नाही. तो थर अगदी पातळ असतो, वीज वाहायला नाखूश असतो, आणि प्रवाह त्याच्या खालच्या तांब्यातून जात राहतो. तारेवरच्या इनॅमललाही (वार्निशसारख्या थराला) याच कारणाने घाबरायला नको. काळेपणा नडतो तो टॅपच्या (मधल्या एखाद्या वेढ्याला केलेल्या जोडणीच्या) चिमट्याखाली. माझा एकदा तिथेच जळला होता, दोष मात्र मी आठवडाभर बिचाऱ्या कॉइलला देत होतो. टॅपची जागा घासून डाग दिला की झालं.

आणि हो, एक गोष्ट मीही विकतच घेईन: रोलर इंडक्टर, म्हणजे तारेवरून फिरणाऱ्या चाकाने कमीजास्त करता येणारी कॉइल. फिरत्या चाकाचा तारेवरचा दाब सगळीकडे सारखा ठेवणं स्वयंपाकघराच्या टेबलावर जमत नाही. तिथे चांदीचा मुलामाही कामाचा, कारण चांदीवर चढलेल्या काळ्या थरातूनही संपर्क बराच टिकून राहतो.