मासा पाणी फोडत नाही

व्हॉट्सॲपवर एक पोस्ट फिरते आहे. पाण्याच्या वजनात ८९ टक्के ऑक्सिजन असतो, माशाचे कल्ले पाणी फोडून तो काढून घेतात, म्हणून मासा पाण्यात कधीच गुदमरत नाही. आणि तसेच यांत्रिक कल्ले तोंडात धरले की माणसालाही सिलिंडर लागणार नाही. यातला ८९चा आकडा तेवढा खरा.

कल्ले पाणी फोडतात, हे पहिलं. पाणी फोडायचं काम झाडं आणि शेवाळ करतात, तेही सूर्यप्रकाशाच्या जोरावर. मासा घेतो तो पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन. पाणी उकळून, झाकून गार करा. रेणू तेच राहतात, पण विरघळलेला वायू निघून जातो, आणि त्या पाण्यात मासा तडफडतो.

हा विरघळलेला साठा फारच तुटपुंजा असतो. २५ अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे जेमतेम ८ मिलिग्रॅम, तर लिटरभर हवेत पावणेतीनशेच्या आसपास. म्हणून तर कल्ल्यांची रचना इतकी बारीक. पापुद्र्यांवरून पाणी एका दिशेने वाहतं आणि आतलं रक्त त्याच्या उलट दिशेने. त्यामुळे पाणी पुढे सरकेल तसं त्याला अधिकाधिक ऑक्सिजन-रिकामं रक्त भेटत जातं, आणि काही माशांना पाण्यातला ८० टक्क्यांपर्यंत ऑक्सिजन काढून घेता येतो. बाजारात कल्ला उचलून आपण जो लाल रंग बघतो, तो या रक्ताचाच.

‘मासा गुदमरत नाही’ हे शेततळ्यात मासे पाळणाऱ्याला सांगून बघा! रात्री शेवाळही ऑक्सिजन खातं, आणि पहाटे मासे पृष्ठभागावर तोंडं उघडून आचके देतात. पाणी तापलं की साठा आणखी घटतो. कोळंबीच्या तळ्यात पाणी घुसळून हवा मिसळणारी ती चाकं काय शोभेला फिरतात? मरळ तर वर येऊन हवा घेते. जाळीखाली अडकून वर येता आलं नाही, तर पाण्यातच गुदमरून मरते.

मग बाकीचे मासे पाण्याबाहेर का मरतात? हवेत ऑक्सिजन मुबलक असतो, पण पाण्याचा आधार गेला की पापुद्रे एकमेकांना चिकटतात. खाडीच्या चिखलात उड्या मारणारी निवटी कल्ल्यांच्या पोकळीत पाणी धरून ठेवते आणि ओल्या त्वचेतूनही श्वास घेते.

राहिले माणसाचे कल्ले. स्वस्थ बसलेल्या माणसाला मिनिटाला साधारण २५० मिलिलिटर ऑक्सिजन लागतो. समुद्राच्या लिटरभर पाण्यात तो ५-६ मिलिलिटर. म्हणजे थेंबन्‌थेंब पिळला तरी मिनिटाला ४०-५० लिटर पाणी उपसायला हवं. पोहताना त्याच्या कित्येक पट. २०१६ साली ‘ट्रायटन’ नावाच्या अशाच तोंडात धरायच्या यंत्रासाठी लोकांकडून ऑनलाइन लाखो डॉलर गोळा झाले. शंका वाढल्यावर पैसे परत केले गेले आणि मोहीम नव्याने सुरू झाली. या वेळी खुलासा होता: आत द्रवरूप ऑक्सिजनच्या नळकांड्या आहेत.